पहिली प्रिंट नको

इनास,

तुझ्या बायकोने, रेजिनाने, माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आणि ती मला धड देता आली नाही. तू गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये तुझ्यासाठी झाली त्या मिस्सेला आता आठवडा होईल. रोज वाटतं तुझ्याशी बोलावं, आणि रोज तोंड दाखवायची लाज वाटते. म्हणून लिहायला बसलो आहे. लिहिताना निदान तू समोर नसतोस.

तुला पोचवून आल्यावर दोन-तीन दिवसांनी मी पाचूबंदरला तुमच्या घरी गेलो होतो. ओटीवर तुझ्या बहिणी बसल्या होत्या. मी स्टुलावर अवघडून बसलो. रेजिना आतून आली आणि म्हणाली, "भाऊ, त्याचा एक बरासा फोटू द्या. मिस्सेच्या कार्डावर टाकाया, नि कबरीवरच्या क्रुसावर बसवाया. घरात लग्नातला हाय, नि एक कंपनीच्या कार्डावरचा. त्यात तो पकडून आनल्यासारका दिसते. तुमचेकडं ढीग असतील."

बहिणींनी माझ्याकडे पाहिलं. साळवी म्हणजे कॅमेरा, हे तुमच्या सगळ्या आळीला ठाऊक. मी म्हणालो, आहेत ना, उद्याच आणून देतो. इतक्या सहज म्हणालो की स्कूटर सुरू करेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही, आपण काय कबूल केलं ते. फोटो माझ्याकडे खरोखर ढिगाने होते. माळ्यावरची ती निळी सुटकेस तुला माहीत आहे, झाकण बसत नाही म्हणून दोरीने बांधलेली. त्या संध्याकाळी मी ती खाली काढली, सगळ्या प्रिंटा पलंगावर पसरल्या. बायको म्हणाली, एवढ्यात एक तरी असेलच की. एकही नव्हता. काळं आभाळ, खाली खाडीची काळी पट्टी, आणि मधून गेलेल्या पांढऱ्या-तांबड्या रेघा. दहा-बारा वर्षं आपण दोघांनी केलं काय, तर रेघा गोळा केल्या.

सुरुवात तर चुकूनच झाली होती. मी चिपळूणहून येऊन वसईत फ्लॅट घेतला होता आणि गोखिवऱ्याच्या त्या प्लास्टिकच्या कारखान्यात हिशेब लिहायला लागलो होतो. तू खरेदी बघायचास. माझ्याकडे जुना घेतलेला कॅमेरा होता आणि करमणुकीला दुसरं काही नव्हतं. तू म्हणालास, बंदरावर चल, होड्यांचे फोटो काढ. सूर्य बुडून गेल्यावर मी शटर बराच वेळ उघडं ठेवून एक फोटो काढला, आणि प्रिंट आली तेव्हा होड्यांच्या वर एक लांबलचक उजेडाची रेघ. मला वाटलं फिल्मला ओरखडा पडलाय. तू हसायला लागलास. मुंबईहून समुद्रावर उडून उत्तरेला वळणारी विमानं तुम्ही लहानपणापासून बघत आलेले. तुला ते विमान आहे हे कळलं, मला नाही. पुढच्या आठवड्यात आपण पुन्हा गेलो, आणि मग जातच राहिलो.

किती गोष्टी शिकलो आपण, आणि सगळ्या चुकून चुकून. वाऱ्याने ट्रायपॉड थरथरायचा, तर तू घरून जाळ्याला लावायचं शिसं फडक्यात बांधून आणलंस आणि मधल्या दांड्याला टांगलंस. एक विमान गेलं की दुसरं येईपर्यंत लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरायचा, म्हणजे एकाच फ्रेममध्ये दोन-तीन विमानं मिळतात आणि किनाऱ्यावरचे दिवे फोटोत भगभगत नाहीत. तो पुठ्ठा धरण्याचं काम तुझं. पुठ्ठा धरून तू इतका गंभीर उभा राहायचास की तुझे मामेभाऊ होडीवरून ओरडून विचारायचे, कोणाचं लगीन लावतोस काय रे. पूर्ण काळोखात रेघ नुसती रेघच राहते, पण सूर्य गेल्यावर आभाळात निळा उजेड थोडा वेळ राहतो, तेवढ्यातच खरं काम करून घ्यायचं, हेही आपल्याला दोन पावसाळे गेल्यावर कळलं. खाऱ्या हवेने लेन्सवर धूर धरल्यासारखं व्हायचं. रेजिनाच्या धुतलेल्या सुती लुगड्याचा तुकडा त्यावर सगळ्यात चांगला चालतो, हा शोध तुझा. तिला तो अजून माहीत नाही.

आणि इन्फिनिटी, म्हणजे लेन्सचा सगळ्यात लांबचा फोकस. काळोखात फोकस दिसत नाही, कितीही डोळे ताणले तरी. म्हणून निघण्यापूर्वी मी घरी गॅलरीत उभा राहून तुंगाराच्या डोंगरावर लेन्स नीट जुळवायचो आणि तिच्यावरची फोकसची चकती टेप लावून पक्की करायचो. मग बंदरावर धक्का लागो, हात लागो, फोकस हलत नसे. लांबचं सगळं स्वच्छ. जवळचं काय येतं त्याच्याशी आपल्याला कर्तव्यच नव्हतं, कारण जवळ विमान येत नाही.

पहिल्यांदा तर लॅबने वाट लावली होती. काळ्या फोटोंची कड मशीनवाल्याला दिसेना, त्याने अंदाजाने रोल कापला आणि आपली प्रत्येक रेघ मधोमध तुटली. मी काउंटरवर भांडायला निघालो, तू मला मागे ओढून त्या माणसालाच विचारलंस की बाबा, काय केलं म्हणजे चुकणार नाही. तो म्हणाला, रोलचा पहिला फोटो भर उजेडात काढा, म्हणजे फ्रेम कुठून सुरू होते ते मला कळेल, पुढचं मापाने कापतो. झालं. तेव्हापासून नवा रोल भरला की उजेड आहे तोवर एक फोटो काढायचा. कशाचा? कशाचाही. तू समोर येऊन उभा राहायचास. दोन हातांवर, शिशाची पुरचुंडी हातात घेऊन. मी कॅमेरा उचलून बटण दाबायचो, आणि तू बाजूला व्हायचास. मग खरं काम सुरू.

लॅबच्या पाकिटावर मी न चुकता दोन सूचना लिहायचो. एक, आभाळ काळंच ठेवावं, मशीनने उजळू नये. आणि दुसरी, पहिली प्रिंट नको. माझ्या हिशेबनिसाच्या बुद्धीला ती वायफळ वाटायची. माझ्या अक्षरात ते शब्द त्या सुटकेसमधल्या प्रत्येक पाकिटावर आहेत. परवा एकामागून एक वाचत होतो आणि वाटलं, पाकिटं उलटी करून ठेवावीत.

आपलं भांडण तर मिटलंच नाही. तुला विमान हवं होतं, मला रेघ. तू म्हणायचास, "साळवी, रेघ काढाया खडू पुरे. कॅमेरा कशाला पायजे? मना ते इमान दिसलं पायजे, त्याच्या खिडक्या, आत बसलेला मानूस." मी तुला ऐकवायचो, की एवढ्या कमी उजेडात चालत्या विमानाची खिडकी धरायची तर जलद फिल्म लागेल, तिला जाडे दाणे येतील, वर कॅमेरा विमानाबरोबर हाताने फिरवावा लागेल, आणि शेवटी हातात येईल ती रवाळ पिठी. तू म्हणायचास, येऊ दे दाणे. माणूस दिसला पाहिजे. कारखान्यात डबा खाताना, पगाराच्या रांगेत, तुझ्या पुतणीच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत, आपण हेच बोलायचो. तुझ्या मोठ्या भावाने एकदा विचारलं होतं, की तुम्ही दोघे कंपनी काढताय का विमानांची.

मला कबूल करायला हवं की ती जलद फिल्म मी एकदा चोरून आणली होती, तुला न सांगता वापरून पाहिली, आणि तुझ्या पद्धतीने एक विमान मला खरंच मिळालं होतं. शेपटीचा आकार, पोटाखालचा दिवा, आणि खिडक्यांची एक पुसट माळ. फोटो रवाळ होता, पण त्यात विमान होतं. तो तुला दाखवायचा राहिला. राहिला म्हणजे काय, मी नाही दाखवला. दाखवला असता तर तू जिंकला असतास. एवढंच कारण.

तू मला काय काय दिलंस त्याची मोजदाद नको. वसईत मला कुत्रं विचारत नव्हतं, तेव्हा तुझ्यामुळे बंदरावर मला जागा मिळाली. तो हवालदार आठवतो? दोन बापये रोज संध्याकाळी समुद्रावर स्टँड लावून विमानांवर कॅमेरा रोखतात, म्हटल्यावर तो येणारच होता. माझी बोबडी वळली. तू त्याला खाली वाकून कॅमेऱ्यातून बघायला लावलंस, पुठ्ठा त्याच्याच हातात दिलास, आणि पुढचा तासभर तो माझ्यावर ओरडत होता, आता धरू का, आता धरू का. जाताना तू त्याला सुके बोंबील बांधून दिलेस. माझे वडील गेले तेव्हा चिपळूणला तू माझ्या आधी पोचला होतास, आणि आईला काय बोलावं ते न सुचून अंगणातली लाकडं फोडत बसला होतास. दर नाताळात पहिलं ताट माझं असायचं. हे सगळं तू केलंस, आणि मी तुला पुठ्ठा धरायला ठेवलं.

तर त्या पलंगावरच्या प्रिंटांत तू नव्हतास, पण निगेटिव्हमध्ये असणार हे मला आठवलं. प्रत्येक रोलच्या पहिल्या पट्टीवर, पहिलाच. मी ट्यूबलाइटसमोर पट्ट्या धरून बघितल्या. होतास. काळे दात आणि पांढरे केस झालेला तू, एका पट्टीत, दुसऱ्या पट्टीत, प्रत्येक पट्टीत. मला इतका आनंद झाला की मी बायकोला हाका मारून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या पट्ट्या लॅबमध्ये देऊन आलो, सगळ्यांच्या प्रिंटा हव्यात म्हणून सांगितलं. पाकिटावर लिहायला पेन काढलं आणि हात थांबला.

निगेटिव्ह एवढंसं असतं, त्यात सगळंच रेखीव दिसतं. प्रिंटा हातात आल्या तेव्हा कळलं. तू एकाही फोटोत फोकसमध्ये नाहीस. टेप लावलेली होती ना. तुझ्या खांद्यामागे जेट्टीचं टोक स्वच्छ, खाडीपलीकडची झाडं स्वच्छ, एका फोटोत तर लांबच्या होडीवरच्या बावट्याच्या घड्याही मोजून घ्याव्यात अशा. आणि पुढे तू, ओला कागद बोटाने पुसावा तसा. ओळखू येतोस. पण डोळा कुठे संपतो आणि गाल कुठे सुरू होतो ते कळत नाही. उन्हाळे-हिवाळे बदललेत, तुझे शर्ट बदललेत, केस मागे हटत गेलेत, आणि दर वेळी मी मागचं झाड नीट टिपलं आहे.

फोकसचं गणित मला येत होतं, इनास. दोन हातांवरचा माणूस इन्फिनिटीवर पुसट येतो हे मी कोणालाही झोपेत सांगितलं असतं. एकदाही मनात आलं नाही.

एकच फोटो स्वच्छ निघाला. तो बघितल्याबरोबर मला ती संध्याकाळ आठवली, आणि ती तूही विसरला नसशील. मी रोल भरून स्कूटरची चावी शोधत होतो, तेवढ्यात तू कॅमेरा उचललास आणि म्हणालास, "आज तू उबा रा. पयला फोटू मी काडतो." आणि डोळ्याला कॅमेरा लावून तू नखाने टेप सोडवायला लागलास. तुला माझा चेहरा फोकसमध्ये आणायचा होता. कॅमेरा हातात घेतल्यावर तुला पहिल्या मिनिटात जे कळलं, ते मला कधीच कळलं नाही. मी तुझ्या अंगावर ओरडलो. "टेपला हात लावू नको. कॅमेरा माझा आहे."

तुझे मामेभाऊ जाळी वाळत घालत होते. त्यांनी वर बघितलं, मग खाली बघितलं. तू कॅमेरा माझ्या हातात दिलास, हळू, खाली पडू नये अशा बेताने, आणि चालत जेट्टीच्या टोकाला जाऊन उभा राहिलास. उजेड चालला होता. मला पहिली फ्रेम हवी होती. मी हाक मारली, तू आला नाहीस, मान तेवढी वळवलीस. मी तिथूनच बटण दाबलं. त्या सबंध संध्याकाळी पुठ्ठा मीच धरला. परत निघताना ट्रायपॉड मात्र तू नेहमीसारखा खांद्यावर घेऊन स्कूटरपर्यंत आणलास, आणि पुढच्या आठवड्यात जसं काही झालंच नाही असा आलास. मी त्यावर अवाक्षर काढलं नाही. तू नीट आलास म्हणजे मिटलं, असं मी धरून चाललो. पुन्हा तू कधी कॅमेरा मागितला नाहीस, हे माझ्या परवा लक्षात आलं.

तर तेवढ्या एका फोटोत तू लांब असल्यामुळे स्वच्छ आहेस. नखाएवढा. लॅबवाल्याकडे आता स्कॅनर आणि कॉम्प्युटर आलाय. मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि तुला मोठं मोठं करून घेतलं. संध्याकाळचा फोटो, चेहऱ्यावर उजेड नाही, वाढवला की दाणे उसळतात, दाणे घालवले की चेहरा मेणाचा होतो. थोडे दाणे राहू द्या, असं मीच म्हणालो. शेवटी डोळे दिसले, भिवया दिसल्या, मिशीचा केस दिसला. इतक्या वर्षांत कमी उजेडात मी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच असेल. काच लावून, चौकट करून तो मी रेजिनाकडे घेऊन गेलो. खरं सांगू? जाताना मला जरा अभिमानही वाटत होता.

तिने चौकट मांडीवर घेतली. बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "हा कोनावर रागावलाय?"

थाप मारायला जागा होती. वाऱ्यामुळे डोळे बारीक केले असतील, असं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "माझ्यावर."

तिने चौकट भिंतीला टेकवून ठेवली, तोंड भिंतीकडे करून. बाकीचे कुठे आहेत म्हणाली. मी म्हणालो, ते बिघडलेत, दाखवण्यासारखे नाहीत. "दाकवा तरी." पाकीट स्कूटरच्या डिकीत होतं, ते आणलं. तिने एकेक प्रिंट काढली आणि ओटीवर ओळीने मांडायला सुरुवात केली. तुझ्या बहिणीही खाली बसल्या. सगळ्या ओटीवर तूच तू. पुसट तू, पुरचुंडी घेतलेला, पुरचुंडी डोक्यावर ठेवलेला, जीभ काढलेला, आणि बाकी सगळ्यांत हसणारा. सगळी बत्तिशी दाखवून. मी इतक्या वेळा त्या प्रिंटा पाहिल्या होत्या, पण त्या फोकस बघायला पाहिल्या होत्या. तू हसतोयस हे मला रेजिनाने बोट ठेवल्यावर दिसलं.

ती म्हणाली, "घरच्या एका बी फोटूत हा हसला नाय. लग्नात बी नाय. फोटूवाला सांगून सांगून थकला. नि तुमचेम्होर एवडा हसत होता?"

तिने त्यातला एक निवडला. शर्टाचं वरचं बटण तुटलेला, मागे जेट्टी. मी म्हणालो, वहिनी, हा छापला तर लोक नावं ठेवतील, चेहराच धड नाही. ती म्हणाली, सकाळी उठल्यावर चष्मा लावायच्या आधी तो मला असाच दिसायचा. तोच कार्डावर गेला, आणि क्रुसावरही तोच बसणार आहे.

मिस्सा संपल्यावर ती देवळाच्या दाराशी उभी राहून कार्डं वाटत होती. मला कडेने निघून जायचं होतं, पण तिने हात करून थांबवलं आणि शेजारी उभं केलं. तुमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याने कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. छपाई बिघडली का गो, म्हणाला.

"छपाई बरी हाय," रेजिना म्हणाली. "या साळवीभाऊंनी काडलाय. त्यांचेकडं बगून हसते तो."

मग तिने ते प्रत्येकाला सांगितलं. विचारलं नाही त्यालाही सांगितलं. माणसं कार्डाकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि माझा हात हातात घ्यायची. तुझ्या मामेभावांनी घेतला, ज्यांनी मला ओरडताना ऐकलं होतं त्यांनीही. मी प्रत्येकाला हात देत राहिलो. तू माझ्याकडे बघत होतास, हे ती म्हणाली ते खरंच आहे. मी तुझ्याकडे बघत नव्हतो, इनास. तुझ्या मागे आभाळात उजेड किती उरलाय, ते बघत होतो.